हरकत

गावाचं नाव सूर.
एकोणीस वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं तेव्हा
आईला वाटलं, पोरगा पेटीच्या क्लासला बसला.
पेटी नाही इथे. समुद्र आहे,
लाकडी गलबतं बांधणारे चार म्हातारे आहेत,
आणि जुन्या बाजाराची एक गल्ली,
जिच्या सगळ्या पाट्या माझ्या हातच्या.

अरबी मला बोलता येते मोडकी,
वाचताना अजून अडखळतो.
पण काढता येते.
शमसाबाईंच्या लोबानातला लाम बघा,
धुरासारखा वर जाऊन वळलाय.
इनायत घड्याळवाल्याच्या सीनला तीन दात,
मधला जरा झिजलेला. माझाच काढलास, म्हणतो.
कुन्हुमोनच्या चहाच्या पाटीवर मी कप काढला होता,
बशीसकट.
बशी गल्लीत कुणाकडेच नव्हती.

मग विजेच्या खांबाला कागद लागला,
बलदियाचा निळा शिक्का.
बाजार सुंदर करायचं ठरलंय.
पाट्या यापुढे तपकिरी, अक्षर पांढरं,
मशीनवर कापलेलं, सगळ्यांना एकच.
आणि डावीकडची ओळ, एक ते अकरा,
पार्किंगला.
कोणाचा एतिराज असल्यास चौदा दिवसांत.

मी मनात त्याचं मराठी केलं, हरकत,
आणि तिथेच अडकलो.
आपल्याकडे हरकत तलाठ्यासमोर घेतात.
गवई बैठकीत घेतो, दोन सुरांच्या फटीत, पटकन.
आणि ह्यांच्यात अक्षराच्या डोक्यावर
नखाएवढी रेघ मारतात उच्चार कळावा म्हणून,
तिचंही नाव हरकतच.
दुकानाच्या पाटीवर ती काढत नाहीत.
वाचणाऱ्याने समजून घ्यायचं असतं.

घेणार कोण?
कुन्हुमोनचं लायसन्स अरबाबच्या नावावर,
अरबाब मस्कतला. फोन उचलतो, इन्शाल्ला म्हणतो.
शफीउल शिंपी म्हणाला, दुकानाचं माप घेऊन गेले,
सैल हवं का घट्ट, तेवढं विचारलं नाही.
शमसाबाईंचं दुकान त्यांचं स्वतःचं.
त्या गेल्या. दोनदा.
दुसऱ्या खेपेला खजूर आले, कॉफी आली, नकाशा उलगडला.
नकाशात हिरवे गोल गोल ठिपके.
झाडं का? मग सावलीत बसून विकेन मी.
तिथे गाड्या असतील, खाला,
साहेब म्हणाले, अगदी अदबीने.

काम मलाच मिळालं.
डावीकडच्या शटरांवर लाल नंबर घालायचे.
अकरा दुकानं, साडेपाच रियाल.
नाही म्हणता आलं असतं.
माझा व्हिसा मार्चमध्ये संपतो.

असले आकडे तिरके काढायचे असतात,
ओघळ येऊ द्यायचे असतात, घाईत.
माझा हात ऐकेना.
खडूचा दोरा मारला, मधोमध धरला,
भर दुपारी, शटरं खाली असताना.
ह्यांचा नऊ जवळजवळ आपला एक,
तिथे बरं वाटलं उगाच.
ह्यांचा पाच म्हणजे
आपलं पूज्य.

पाचवं दुकान कुन्हुमोनचं.
दम रोखून गोल पुरा केला,
मागे सरकून पाहिलं.
एकोणीस वर्षांत इतका सुबक गोल जमला नव्हता.
ब्रश आपोआप वर गेला, डोक्यावर एक रेघ मारायला.
पण आकड्याला हरकत
लागत नाही.

चार वाजता त्याने शटर वर ओढलं.
रंग ओला होता.
पूज्य गुंडाळत गेलं
पट्टीला पट्टी चिकटत.
त्याने वर पाहिलं, मग माझ्या बोटांकडे,
मग दूध उकळायला ठेवलं.

चहा दिला.
शंभर बैशाची नोट घेतली, नेहमीसारखी,
घडी मोडून, सरळ करून,
गल्ल्यात टाकली.